दहा हजार डॉलरची खुर्ची

जगातल्या सगळ्यात गाजलेल्या पोकर स्पर्धेचा पहिला विजेता पत्त्यांवर ठरला नाही, मतदानाने ठरला. १९७० साली लास व्हेगासच्या ‘बिनियन्स हॉर्सशू’ या कॅसिनोत टेक्सासकडचे नामांकित जुगारी जमले. काही दिवस निरनिराळ्या प्रकारचं पोकर खेळले आणि शेवटी आपल्यात सगळ्यात तयारीचा कोण, यावर त्यांनी मतं टाकली. सांगतात असं, की पहिल्या फेरीत प्रत्येकाने स्वतःलाच मत दिलं. मग ‘तुमच्यानंतर कोण?’ असं विचारावं लागलं आणि जॉनी मॉस निवडून आला. त्याला चांदीचा चषक मिळाला. किस्सा खरा असो वा कुणी मागाहून रचलेला असो, जुगाऱ्याचा स्वभाव त्यात नेमका उतरला आहे.

या जमावाला नाव दिलं होतं ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’. बेसबॉलच्या प्रतिष्ठित स्पर्धेवरून उचललेलं हे नाव तेव्हा अंगापेक्षा बोंगा मोठा अशा थाटाचंच होतं. २०२३ साली याच स्पर्धेच्या मुख्य सामन्याला, म्हणजे ‘मेन इव्हेंट’ला, १०,०४३ जण बसले. मधल्या काळात खेळ फारसा बदलला नाही. प्रवेश फीदेखील बदलली नाही. १९७२ साली ती दहा हजार डॉलर होती, आजही दहा हजारच आहे. बदलली ती त्या खुर्चीपर्यंत पोचण्याची वाट.

स्पर्धेचा जनक बेनी बिनियन हा बारा गावचं पाणी प्यालेला माणूस. टेक्सासमधल्या डॅलस शहरात बेकायदा जुगाराचे अड्डे चालवून तो मोठा झाला. त्याच्या गोळीने दोन माणसं मेली होती. पहिल्या प्रकरणात त्याला शिक्षा झाली, पण तुरुंगात जावं लागलं नाही. दुसऱ्यात स्वसंरक्षण म्हणून तो सुटला. डॅलसमधले वारे फिरले तेव्हा त्याने लास व्हेगास गाठलं, कारण नेवाडा राज्यात जुगार कायदेशीर होता. १९५१ साली त्याने फ्रीमॉन्ट स्ट्रीटवर हॉर्सशू उघडलं. पुढे करचुकवेगिरीत काही वर्षं तुरुंगवास भोगला, पण गिऱ्हाईक कसं ओढायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कॅसिनोत त्याने घोड्याच्या नालाच्या आकाराच्या चौकटीत दहा हजार डॉलरच्या शंभर नोटा मांडल्या होत्या. दहा लाख डॉलरच्या त्या चौकटीसमोर उभं राहून कुणीही फुकट फोटो काढून घ्यावा आणि फोटो हातात येईपर्यंत मशिनांवर चार पैसे उडवावेत, असा त्याचा सरळ हिशेब.

पोकरची स्पर्धा हा त्याच जातीचा हिशेब होता. १९६९ साली टॉम मूर नावाच्या कॅसिनोमालकाने रेनो शहरात टेक्सासच्या जुगाऱ्यांचा मेळावा भरवला होता. मूरने पुढे आपला कॅसिनो विकला आणि बेनीने तो मेळावा उचलून स्वतःच्या घरी आणला. पण मतदानाने ठरलेला विजेता वर्तमानपत्रांना कशाला हवा? त्यात बातमी नव्हती. म्हणून १९७१ साली नियम बदलले आणि खरी स्पर्धा सुरू झाली.

इथे खेळाची थोडी ओळख करून घ्यायला हवी. मुख्य सामना ‘टेक्सस होल्डेम’ या प्रकाराचा असतो. प्रत्येकाला दोन पत्ते पालथे मिळतात. मग टेबलाच्या मधोमध पाच पत्ते उताणे पडतात, ते सगळ्यांचे सामाईक. आधी एकदम तीन, मग एक, मग आणखी एक. हातातले दोन आणि मधले पाच मिळून जो उत्तम पाच पत्त्यांचा हात जमवेल, तो डाव जिंकतो. पैज लावायच्या फेऱ्या चार आणि पैजेला मर्यादा नाही. कुठल्याही क्षणी समोरची सगळी रास पुढे ढकलता येते. तीनपत्ती खेळलेल्या माणसाला यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. फरक इतकाच की इथे निम्म्याहून अधिक पत्ते सगळ्यांना दिसत असतात, त्यामुळे समोरच्याकडे काय असेल याचा अंदाज बांधायला आधार मिळतो. आणि खोटं बोलायलाही.

साध्या जुगारात हरलेला माणूस खिशातून आणखी पैसे काढतो आणि ज्याचा खिसा खोल तो तगून राहतो. १९७१च्या सामन्यात हे बंद केलं. सगळ्यांनी सारखी रक्कम भरायची, सारख्या चिप्स घ्यायच्या आणि त्या संपल्या की उठायचं. एकाकडे सगळ्या चिप्स जमल्या की स्पर्धा संपली. या पद्धतीला ‘फ्रीझआउट’ म्हणतात आणि तिचं श्रेय बहुधा पगी पिअर्सन या खेळाडूला दिलं जातं. शिवाय तीनपत्तीत जसा प्रत्येक डावाला बूट ठेवावा लागतो, तशा इथे सक्तीच्या पैजा असतात आणि त्या ठरावीक वेळाने वाढत जातात. त्यामुळे हात बांधून चांगल्या पत्त्यांची वाट बघत बसणारा हळूहळू संपतो. माझ्या मते पोकरच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा शोध. याने एक गोष्ट पक्की झाली: जास्तीत जास्त किती बुडणार, हे बसण्याआधीच कळतं. ज्याचं नुकसान ठरलेलं आहे असा जुगार भल्याभल्यांना जुगार वाटत नाही.

त्या वर्षी पाच हजार डॉलर भरून सहा जण बसले. मॉस पुन्हा जिंकला, या वेळी पत्त्यांवर. पुढच्या वर्षी फी दहा हजार झाली आणि आठ जण आले. ‘अमारिलो स्लिम’ या नावाने ओळखला जाणारा थॉमस प्रेस्टन जिंकला, पण त्या विजयामागे गंमत आहे. शेवटी तिघे उरले होते, त्यांतल्या डॉयल ब्रन्सनला प्रसिद्धी नको होती. घरच्या आणि गावच्या लोकांसमोर जुगारी म्हणून तोंड दाखवायचं कसं, ही त्याची अडचण. त्यांनी आपसात पैशांची वाटणी ठरवून घेतली आणि मुकुट स्लिमच्या डोक्यावर गेला, हे ब्रन्सनने पुढे उघडपणे सांगितलं. स्लिमला मात्र बोलायला मनापासून आवडायचं. उंच टोपी, टेक्ससी हेल आणि न संपणारे किस्से घेऊन तो अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमांत फिरला. १९७३ साली सीबीएस वाहिनीने स्पर्धेचं चित्रीकरण केलं. मागच्या खोलीतला खेळ बैठकीच्या खोलीत जायला लागला तो इथून.

लाजणाऱ्या ब्रन्सनने नंतर १९७६ आणि १९७७ अशी दोन वर्षं ओळीने स्पर्धा जिंकली. दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हातात दश्शी आणि दुर्री होती. कुठल्याही शहाण्या माणसाने टाकून द्यावे असे हे पत्ते, आणि दोन्ही वेळा त्यांचा तीन दश्श्या आणि दोन दुऱ्या असा ‘फुल हाउस’ झाला. तेव्हापासून पोकरच्या जगात या जोडीला ब्रन्सनचंच नाव आहे. १९७६पासूनच विजेत्यांना सोन्याचं ब्रेसलेट द्यायला सुरुवात झाली. खेळाडू पैशांइतकंच त्या ब्रेसलेटसाठी झुरतात. फिल हेलम्यूथकडे अशी १७ आहेत, इतकी दुसऱ्या कुणाकडे नाहीत.

दहा हजार डॉलर ही १९७२ साली प्रचंड रक्कम होती, आजच्या हिशेबात साधारण ७५ हजार. एवढे पैसे एका बैठकीत पणाला लावणारे देशात असून असून किती असणार? यावर तोडगा काढला स्पर्धेचं काम बघणाऱ्या एरिक ड्राखेने, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. दहा जणांनी एकेक हजार डॉलर टाकायचे, एक छोटा सामना खेळायचा आणि जिंकणाऱ्याने त्या दहा हजारांत मोठ्या सामन्याची खुर्ची घ्यायची. याला ‘सॅटेलाइट’ म्हणतात. भिशीच्या तत्त्वासारखं, फक्त चिठ्ठीच्या जागी पत्ते. १९८२ साली मुख्य सामन्यात पहिल्यांदाच शंभराच्या वर, १०४ खेळाडू झाले. १९८३चा विजेता टॉम मॅकएव्हॉय सॅटेलाइटमधून आलेला होता. व्यवसायाने हिशेबनीस. वीस वर्षांनी दुसरा एक हिशेबनीस त्याच वाटेने येणार होता.

१९८२चा विजेता जॅक स्ट्रॉस याच्याबद्दल दंतकथा अशी, की स्पर्धेच्या सुरुवातीलाच त्याने सगळं गमावलं आणि उठताना कागदी रुमालाखाली एक चिप राहिलेली दिसली. तेवढ्यावर तो परत बसला आणि जिंकला. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, पण ‘एक चिप आणि एक खुर्ची’ हा पोकरवाल्यांचा मंत्र तिथूनच आला.

स्टू अंगरबद्दल मात्र दंतकथेची गरज पडत नाही. न्यूयॉर्कचा हा किरकोळ अंगाचा मुलगा मुळात जिन रमीतला जादूगार. तो इतका सरस होता, की रमी खेळायला समोर कुणी बसेना, म्हणून पोकरकडे वळला. १९८० आणि १९८१ साली त्याने मुख्य सामना जिंकला. मग कोकेनने त्याला पोखरलं. १९९७ साली बिली बॅक्स्टर या मित्राने फी भरली तेव्हा कुठे तो बसू शकला. नाकाची झालेली चाळण लपवायला निळ्या काचांचा गोल चष्मा घातलेला. त्या वर्षी शेवटचं टेबल भर रस्त्यात, फ्रीमॉन्ट स्ट्रीटवर मांडलं होतं. अंगर तिसऱ्यांदा जिंकला. दहा लाख डॉलरमधले निम्मे बॅक्स्टरचे, उरलेले निम्मे काही महिन्यांत उडाले. नोव्हेंबर १९९८मध्ये लास व्हेगासच्या एका स्वस्त मोटेलच्या खोलीत तो मेलेला सापडला. वय ४५. स्पर्धेच्या जाहिरातींत अंगरची प्रतिभा सांगतात. मोटेलही सांगितलं पाहिजे.

नव्वदच्या दशकात स्पर्धा वाढत होती, पण बैलगाडीच्या वेगाने. २००२ साली ६३१ खेळाडू होते. टीव्हीवर ती रटाळ दिसायची आणि त्याचं कारण उघड होतं. बघणाऱ्याला हातातले पत्तेच दिसत नव्हते. टेबलाभोवती गप्प बसलेली माणसं, पुढे सरकणाऱ्या चिप्स, मग एकजण पत्ते फेकून देतो. त्याने का फेकले, कुणाला ठाऊक!

हे कोडं सोडवणारा माणूस कॅसिनोच्या जगातला नव्हता. हेन्री ओरेनस्टाइन हा पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू. नाझींनी त्याचे आईवडील मारले. एका नाझी छळछावणीत शास्त्रज्ञ आणि गणितज्ञ हवे असल्याची घोषणा झाली तेव्हा त्याने स्वतःचं आणि भावांचं नाव देऊन टाकलं. गणिताशी त्याचा संबंध शाळेपुरता. जीव वाचला तो त्या थापेने. इतक्या जबर किमतीचा ब्लफ पोकरच्या कुठल्या टेबलावर झाला नसेल. युद्धानंतर तो अमेरिकेत खेळण्यांच्या धंद्यात शिरला. जपानी खेळण्यांतून ‘ट्रान्सफॉर्मर्स’ अमेरिकी बाजारात येण्यामागे त्याचा हात होता. पोकरचाही तो शौकीन, १९९६ साली त्याने ब्रेसलेट जिंकलं. टीव्हीवरचं पोकर बघून कंटाळलेल्या या माणसाने टेबलाच्या कडेला काच आणि त्याखाली छोटा कॅमेरा बसवायची कल्पना काढली आणि १९९५मध्ये तिचं पेटंट घेतलं. खेळाडू पालथे पत्ते त्या काचेवर ठेवतो आणि घरी बसलेल्याला सगळं दिसतं. टेबलावरच्या सगळ्यांपेक्षा प्रेक्षकालाच जास्त माहीत! खोटं कोण बोलतंय हे आपल्याला ठाऊक आणि समोर बसलेल्या निष्णात माणसाला ठाऊक नाही, ही मजा व्यसन लावणारी आहे.

आणि नेमकं २००३ साली ख्रिस मनीमेकर आला. आडनाव खरंच मनीमेकर. टेनेसी राज्यातला २७ वर्षांचा हिशेबनीस, एरवी घरी संगणकावर खेळणारा. ‘पोकरस्टार्स’ या ऑनलाइन साइटवर ८६ डॉलर भरून तो एका सॅटेलाइटमध्ये बसला आणि पायऱ्या चढत लास व्हेगासला पोचला. समोरासमोर बसून स्पर्धा खेळण्याची ही त्याची पहिलीच वेळ.

८३९ जणांतून शेवटी दोघे उरले: मनीमेकर आणि सॅमी फरहा. फरहा मूळचा लेबनॉनचा, मुरलेला व्यावसायिक, ओठात न पेटवलेली सिगारेट. एका डावात मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदाम सत्ती, फरहाकडे इस्पिकची राणी आणि बदाम नव्वी. मधे पडले इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की. म्हणजे फरहाची नव्व्यांची जोडी झाली आणि मनीमेकरकडे काहीच नाही. चौथा पत्ता आला इस्पिक अठ्ठी. आता मनीमेकरला आशा वाटावी असं बरंच काही होतं. आणखी एक इस्पिक आला की रंग, पंजी किंवा दश्शी आली की सिक्वेन्स. शेवटचा पत्ता आला बदाम तिर्री. सगळ्यावर पाणी. हातात नुसता राजा, आणि त्याने समोरची सगळी रास पुढे ढकलली.

फरहा विचारात पडला. समोरच्याचा रंग जमला नसणार असं तो बोलूनही गेला. अंदाज शंभर टक्के बरोबर होता! टीव्हीपुढे बसलेल्या प्रत्येकाला ते दिसत होतं. मनीमेकर मात्र गॉगल आणि टोपीखाली दगडासारखा बसून राहिला. अखेर फरहाने पत्ते टाकले. ती जोडी धरून त्याने होकार दिला असता तर बहुधा तोच विजेता झाला असता आणि पुढचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता. थोड्याच वेळात मनीमेकरच्या पंजी-चव्वीचा फुल हाउस झाला आणि २५ लाख डॉलर त्याच्या नावावर झाले.

ईएसपीएन वाहिनीने हे डाव पुन्हा पुन्हा दाखवले आणि घरोघरच्या हौशी माणसांनी मनात म्हटलं, याला जमलं तर मला का नाही? पुढचे आकडे बघा. २००४ साली २,५७६ खेळाडू. २००५ साली ५,६१९. २००६ साली ८,७७३ आणि पहिलं बक्षीस एक कोटी २० लाख डॉलर. तीन वर्षांत दहापट! कॅमेरा, इंटरनेट आणि सॅटेलाइट ही तिन्ही यंत्रं आधीच तयार होती. मनीमेकरने त्यांना चेहरा दिला. तो नसता तर दुसरा कुणी आला असता, पण इतक्या चपखल आडनावाचा आला नसता.

ज्यांनी हे रोप लावलं त्यांच्या हाती मात्र फळ लागलं नाही. बेनी १९८९च्या नाताळात वारला. मुलांत भांडणं झाली, कॅसिनो कर्जात गेला आणि कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे पैसे थकले. जानेवारी २००४मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी तिथली रोकड जप्त केली आणि हॉर्सशूला टाळं लागलं. ‘हॅराज’ या मोठ्या कंपनीने ते विकत घेतलं, हॉर्सशू हे नाव आणि स्पर्धेचे हक्क स्वतःकडे ठेवले आणि फ्रीमॉन्ट स्ट्रीटवरची वास्तू विकून टाकली. स्पर्धा २००५पासून रिओ या हॉटेलात गेली, २०२२ साली लास व्हेगासच्या मुख्य रस्त्यावर, ‘स्ट्रिप’वर आली. २०२४ साली नुसतं स्पर्धेचं नाव आणि हक्क ५० कोटी डॉलरना विकले गेले. घेणारे ‘जीजीपोकर’ ही ऑनलाइन साइट चालवणाऱ्यांपैकीच.

अमेरिकेच्या सरकारला ही भरभराट सहजी पचली नाही. ऑक्टोबर २००६मध्ये ऑनलाइन जुगाराच्या पैशांची वाट अडवणारा कायदा आला आणि पुढच्या वर्षी खेळाडू ६,३५८वर घसरले. १५ एप्रिल २०११ रोजी तिथल्या न्याय खात्याने पोकरस्टार्ससह तीन बड्या साइटवर कारवाई केली. त्यांतल्या काहींवर लोकांचे पैसे दीर्घकाळ अडकले. तरी स्पर्धा मेली नाही. २०२३ने २००६चा विक्रम मोडला, २०२४ साली १०,११२ खेळाडू झाले. २०२५ साली ९,७३५ होते, मायकल मिझराची जिंकला आणि त्याला एक कोटी डॉलर मिळाले. त्याच वर्षी स्पेनची लिओ मार्गेट्स शेवटच्या टेबलावर पोचली. तिच्याआधी त्या टेबलावर बसलेली बाई म्हणजे बार्बरा एनराइट, १९९५ साली. एकाच बाईनंतर दुसरी यायला तीस वर्षं! ‘कुणीही या, कुणीही जिंका’ या घोषणेपुढे हा आकडा लिहून ठेवण्यासारखा आहे.

दुसरा हिशेब २०२३चा. १०,०४३ जणांनी प्रत्येकी दहा हजार भरले. त्यातले ९,३०० बक्षिसांत गेले, उरलेले ७०० आयोजकांकडे, म्हणजे सत्तर लाख डॉलरहून थोडे जास्त. बक्षिसं मिळाली १,५०७ जणांना. बाकीचे ८,५३६ रिकाम्या हाताने घरी गेले. पहिल्या बक्षिसाचे एक कोटी २१ लाख डॉलर या रिकाम्या हातांतूनच आले. हरणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून स्पर्धा मोठी झाली, आणि मला वाटतं बेनी बिनियनला यात काहीच वावगं वाटलं नसतं.

खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद आपल्याकडेही न्यायालयांत गेलेला आहे आणि उत्तरं एकसारखी आलेली नाहीत. २०१७ साली गुजरात उच्च न्यायालयाने पोकरला जुगार ठरवलं. भारतीय खेळाडू मात्र लास व्हेगासला पोचले. त्याच वर्षी आदित्य सुशांत आणि निपुण जावा यांनी जोडीच्या स्पर्धेत ब्रेसलेट मिळवलं. पुढच्या वर्षी निकिता लूथर ते जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. महाराष्ट्राने कॅसिनोंसाठी १९७६ साली केलेला कायदा कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ साली तो रद्द केला. त्यामुळे मराठी माणसाला जवळचं टेबल गोव्यात, मांडवी नदीतल्या बोटींवरचं. तिथेही खुद्द गोवेकरांना फेब्रुवारी २०२०पासून जुगाराच्या दालनात मज्जाव आहे.

मनीमेकर ज्या वाटेने चढला ती तर इथे बंदच झाली आहे. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. त्या कायद्यात शिक्षा खेळणाऱ्याला नाही, खेळ चालवणाऱ्याला आहे: तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड.